वहिनींचा घण

माझ्या वहिनींच्या हातचा मार न खाल्लेला माणूस आमच्या सबस्टेशनात शोधायचा तर नुकताच रुजू झालेला शोधावा लागायचा, आणि त्यालाही आम्ही आठवडाभर थांब म्हणायचो. मी त्यांचा सख्खा धाकटा दीर, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. नात्याचा मला काडीचाही फायदा झालेला नाही. माझा खालचा एक दात त्यांच्या कोपरानं गेला आहे.

लोक म्हणतात, बाई भांडखोर. साफ चूक. भांडखोर माणसं तोंडानं भांडतात आणि भांडण झालं की चहा पितात. वहिनींना तोंडाचा कंटाळा. त्यांचं सगळं एक घाव दोन तुकडे. स्टोअरकीपरनं एकदा गंजके नटबोल्ट तेल चोळून नवे म्हणून दिले. वहिनी ती पिशवी घेऊन परत गेल्या, काउंटरच्या आत शिरल्या आणि पिशवी त्याच्या पायावर सोडून दिली. ठेवली नाही, सोडली. स्टोअरकीपर बरेच दिवस लंगडत होता. त्यानंतर वहिनींच्या कामगार टोळीला गंजका बोल्ट कधी मिळाला नाही, आणि कुणी कारण विचारलं तर तो म्हणायचा, जिन्यावरून घसरलो. आमचं स्टोअर तळमजल्यावर आहे.

त्यांचं काम अर्थिंगचं. हे काम ज्याला ठाऊक नाही त्याला सबस्टेशन म्हणजे वर दिसतं तेवढंच वाटतं: खांब, तारा, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर, दिवसरात्र चाललेला घुमणारा आवाज. खरा कारभार खडीखाली आहे. जमिनीत धातूच्या पट्ट्यांचं जाळं पुरलेलं असतं आणि प्रत्येक खांब, प्रत्येक यंत्र त्याला बांधलेलं असतं. वर वीज कुठे वाट चुकली की तिला ओढून जमिनीत गाडायचं, एवढंच त्या जाळ्याचं काम. जाळं धड असेल तर माणूस वाचतो. नसेल तर नुसता लोखंडाला टेकून उभा असलेलाही जागच्या जागी जळतो.

ते धड आहे की नाही हे बघणं म्हणजे वहिनींची नोकरी. लांब अंतरावर लोखंडी खुंट्या ठोकायच्या, तारा ताणायच्या, मधल्या यंत्राची मूठ फिरवायची आणि जमीन वीज किती सहज गिळते ते काट्यावर वाचायचं. मग खड्डे उपसायचे, जोड घासायचे, गंजलेली पट्टी कापून नवी जोडायची, उन्हाळ्यात खड्ड्यांत पाणी ओतत राहायचं, कारण कोरडी जमीन काहीच गिळत नाही. बाकीचे लोक खुंट्या हातोडीनं ठोकतात. वहिनी घणानं. आमच्याकडची जमीन मुरमाड, हातोडीला दाद देत नाही हे खरं. पण खरं कारण ते नाही. खुंटी ठोकताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या खुंटी ठोकत नव्हत्या, कुणाला तरी मारत होत्या.

कुणाला, ते सांगतो.

ही टोळी आधी माझ्या थोरल्या भावाची होती. दादा म्हणजे शांत पाणी. आवाज चढवलेला मी एकदाही ऐकला नाही. त्यांच्या संसाराबद्दल आमच्या वसाहतीत एकच विनोद होता: बायको ताटं फेकते, नवरा झेलतो, म्हणून यांच्याकडचं एकही ताट चेपलेलं नाही. वहिनींना राग आला की दादा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "हं, चालू दे." मग त्यांना हसू यायचं. त्यांना हसवणारा माणूस जगात तो एकटाच होता.

एके सकाळी दादा यार्डात फेरी मारायला गेला. रात्रीतून चोर कुंपण कापून आत शिरले होते आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी जमिनीत उतरणाऱ्या तांब्याच्या तारा करवतीनं कापून घेऊन गेले होते. वर एक टोक लोंबत होतं, खाली जमिनीतून एक टोक डोकावत होतं, मधला तुकडा गायब. बाहेरचा कुणी असता तर घाबरून दहा पावलं मागे सरला असता आणि जगला असता. दादा मागे सरला नाही. आयुष्यभर त्यानं त्याच तारा हाताळल्या होत्या. विजेच्या तारेला तो भ्यायचा, पण ही तर जमिनीची तार, घरातल्यासारखी. आमच्या धंद्यातल्या माणसालाच हा मोह होतो. किती तुकडा गेला ते बघायला त्यानं वरचं टोक एका हातात धरलं आणि खालचं दुसऱ्या हातात.

त्याच वेळी दूर कुठेतरी एका लाइनवर झाडाची फांदी पडली. अशा फांद्या रोज पडतात. वीज त्या तारेतून जमिनीत जाते, ब्रेकर सुटून लाइन बंद पडते, आम्ही पुन्हा लावतो. त्या दिवशी तारेच्या मध्ये माझा भाऊ होता.

आवाज असा झाला की कंट्रोल रूमची तावदानं हादरली. सगळं बंद करून मी धावलो. दादा गुडघ्यांवर बसलेला होता, पडला नव्हता, कारण तारांनी त्याला धरून ठेवलं होतं. तळहात कोळशासारखे झाले होते. बुटांचे तळवे फुटून धूर निघत होता. चेहऱ्याला मात्र काही झालं नव्हतं आणि तेच बघवत नव्हतं. वहिनी माझ्या मागोमाग पोचल्या. आमची घरं कुंपणापलीकडेच. सगळं बंद केल्याचं मी ओरडून सांगितलं तेव्हा त्या त्याच्यापाशी बसल्या आणि तारेभोवती आवळलेली त्याची बोटं एकेक करून उघडायला लागल्या. ती उघडत नव्हती. मी त्यांना धरून उठवायला गेलो तर त्यांनी मला ढकलून दिलं, मग उठल्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या पोलादी अंगावर दोन्ही मुठींनी मारायला लागल्या. मुठी फुटल्या तरी मारत होत्या. हिरव्या रंगावर रक्ताचे ठसे उमटले. ते पुसायला कुणी धजावलं नाही, पुढे रंग दिला तेव्हाच गेले.

चोर सापडले नाहीत. पोलिस आले, कापलेल्या कुंपणाकडे बघून मान हलवली, गेले. तांबं वितळवलं की ते कुणाचं होतं हे कोण सांगणार?

दादाच्या जागी वहिनींना नोकरी मिळायची होती. साहेब लोकांनी मायेनं सांगितलं, ऑफिसात बसा, पंख्याखाली, कागद लावायचे. वहिनी म्हणाल्या, "मला त्यांचीच टोळी द्या." पहिल्या दिवशी टोळीतला उंच फिटर, ज्याला सगळे लंबू म्हणतात, खुंटी धरून बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही नुसत्या तारा धरा. घण तुम्हाला झेपायचा नाही." वहिनींनी घण उचलला. लंबूनं खुंटी सोडायच्या आत पहिला घाव बसला, त्याच्या बोटांपासून वीतभर वर. लंबू सांगतो, खुंटी जमिनीत गेली आणि माझा जीव तोंडात आला. पुन्हा कुणी झेपण्याबद्दल बोललं नाही.

त्यांनी टोळीला दोन नियम लावले. कुठलाही जोड सोडण्याआधी त्याला बगल देणारी जादा तार बांधायची, म्हणजे वीज आलीच तर माणसाला सोडून तिच्यातून जाईल. आणि पट्टीला एकच हात लावायचा, दुसरा कमरेमागे. नियम नवे नव्हते, पुस्तकात होतेच, पण पुस्तकाला हात नसतात. वहिनींच्या हातात पाना असायचा. कुणाचाही दुसरा हात पट्टीकडे जाताना दिसला की पाना थेट बोटांच्या सांध्यांवर. लंबूचं एक बोट त्यांनी असंच मोडलं. त्यानं तक्रार केली नाही, कारण पुढे एकदा तो जोड सोडत असताना लाइनवर बिघाड झाला आणि त्याच्या नाकासमोर ती बगलेची तार फाटकन पेटून वितळली. लंबू उभाच्या उभा, केसालाही धक्का नाही. तेव्हापासून ते वाकडं बोट तो पाहुण्यांना पदक दाखवावं तसं दाखवतो.

मला वाटायचं, वहिनींचा राग आता कामात मुरला. खुंट्यांना मारून मारून निवळला असेल. दीर म्हणून मी त्यांना ओळखतो असं मी समजायचो, पण माझी समजूत चुकली होती.

उन्हाळ्यातला सुट्टीचा दिवस, आमचं काम मात्र चालू. दुपार. खडी इतकी तापलेली की वरची हवा थरथरत होती. टोळी जेवायला गेलेली, वहिनी एकट्या पाइप घेऊन खड्ड्यांत पाणी सोडत होत्या. जड सामान सोबत ठेवायची त्यांची सवय, म्हणून घण शेजारी टेकलेला. मी कंट्रोल रूमच्या खिडकीशी.

यार्डाच्या कोपऱ्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, आमच्या वसाहतीला वीज देणारा. त्याच्या पायाशी एक माणूस बसलेला मला दिसला. डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट. मी दोनदा त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा मनात म्हटलं, असेल आपल्यातला कुणी. हेल्मेट घातलं की सबस्टेशनात माणूस दिसेनासाच होतो. त्यानं करवतीनं तांब्याची जाड तार कापून टाकली होती, आणि आता ती उपटायला वरचं टोक एका हातात आणि खालचं दुसऱ्या हातात धरलं होतं. त्या वेळी वसाहतीतला प्रत्येक पंखा, प्रत्येक कूलर त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालू होता, आणि त्यांची थोडी वीज याच तारेतून जमिनीत उतरत होती.

तो ओरडला नाही. ओरडताच येत नाही, छाती आवळली जाते. घशातून घुरघुर असा आवाज आला आणि अंग ताठ होऊन थडथडायला लागलं. ही वीज दादाला लागली तेवढी मोठी नव्हती. ती एका फटक्यात जाळत नाही, पकडून ठेवते. बोटं आवळतात, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत, आणि माणूस डोळ्यांदेखत हळूहळू मरतो.

मी पॅनेलकडे धावलो. धावताना खिडकीतून दिसलं ते असं: वहिनींनी पाइप टाकला होता, घण उचलला होता, आणि पदर खोचायलाही न थांबता त्या धावत निघाल्या होत्या. मी ब्रेकर पाडला आणि वळून बघितलं. घणाचा लाकडी दांडा दोन्ही हातांत, घण खांद्यामागून येऊन त्या माणसाच्या मनगटावर बसलेला. हाड मोडल्याचा आवाज काचेआड मला ऐकू आला असं मी म्हणेन, पण तो माझा भास असणार. हात तारेपासून सुटून भलत्याच कोनात लोंबला. माणूस पाठीवर पडला. माझा ब्रेकर आणि त्यांचा घाव, कोण आधी, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. घाव आधी होता असं मला वाटतं.

इथवर सगळं ठीक होतं. इथे मी गोष्ट थांबवली असती तर वहिनी देवमाणूस ठरल्या असत्या.

मी यार्डात पोचलो तेव्हा घण बाजूला पडलेला होता, हे त्या माणसाचं नशीब. हेल्मेट त्याच्या डोक्यावरून निसटलं होतं. वहिनी त्याच्या छातीवर गुडघा टेकून बसल्या होत्या आणि त्याचंच हेल्मेट दोन्ही हातांत धरून त्याच्या तोंडावर मारत होत्या. ओरडत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या. खुंटी ठोकावी तसं, एका लयीत. प्रत्येक फटक्याला त्याचं डोकं खडीवर आपटत होतं. जबडा एका बाजूला सरकलेला दिसत होता. दात खडीवर पडले होते. तो धड असलेला हात वर करून नको नको करत होता, तर त्यांनी तो हात बुटाखाली घेतला. मग उठून त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, पुन्हा घातली, आणि आतून काहीतरी मोडल्याचं या वेळी मला खरंच ऐकू आलं.

मी मागून त्यांना कवळ घातली. कोपर आलं, माझा दात गेला. मी सोडलं नाही. लंबू आणि बाकीचे जेवण टाकून धावत आले आणि चौघांनी मिळून त्यांना मागे ओढलं. एवढीशी बाई, पण चौघे लागले. मग एकाएकी त्या शांत झाल्या, त्या माणसाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पाणी आणा. श्वास चाललाय का बघा." आवाज इतका साधा होता की मी आजवर त्यांच्या रागाला भ्यायचो, त्या दिवशी त्या शांतपणाला भ्यालो.

तो जगला. हॉस्पिटलात मनगटात सळई घातली, जबडा तारांनी बांधून टाकला, तोंड उघडायची सोय नाही. नळीनं पेज. चोरीबद्दल पोलिसांनी त्याला पलंगावरच अटक दाखवली. आमच्या ऑफिसात वहिनींचं कौतुक सुरू झालं. प्रसंगावधान, धाडस, काय काय शब्द. पण डॉक्टर खवचट निघाला. त्यानं पोलिसांना विचारलं, विजेनं मनगट धरलं होतं हे समजलं, पण जबड्याला वीज कुठून लागली? म्हणून चौकशी बसली.

आता पणाला काय लागलं होतं ते नीट सांगतो. वहिनींची नोकरी. नोकरीबरोबर घर, कारण घर ऑफिसचं. पुतणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दादा गेल्यावर हे छप्पर एका घणावर उभं होतं, आणि चौकशीत बाईंनी सुटलेल्या माणसाला मारलं असं ठरलं असतं तर छप्पर गेलं असतं आणि वर पोलिसांचा गुन्हा.

मी वाट काढली. मला वाटा काढता येतात, आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांना पढवलं. "वहिनी, वीज बंद झाली हे डोळ्यांना दिसतं का? नाही दिसत. तुम्हाला वाटलं, अजून चिकटलाय. म्हणून मारत राहिलात. मारलं ते सोडवायला मारलं. झालं. मी सांगतो, तुम्ही 'सोड, सोड' ओरडत होता."

"मी तोंड उघडलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"उघडलं होतं. मी ऐकलं. लंबूनंही ऐकलं, मी त्याला सांगितलंय."

त्यांनी भांडी विसळत ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत. मी मनात म्हटलं, चला, सुंभ जळला आणि पीळही गेला.

चौकशी साहेबांच्या खोलीत. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात लोखंडी कपाट. साहेब भला माणूस, प्रकरण मिटावं म्हणून घाईत. चोराला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याची बायको आली होती. लहानखुरी, लोकांचे कपडे इस्त्री करून देणारी. उजव्या हातावर जुन्या भाजल्याचे डाग. मला तिची धास्ती होती. ती रडून गोंधळ घालणार, भरपाई मागणार, असं मी धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "साहेब, माझा माणूस चोरी करायला गेला, ते खरंय. त्याची लाज मी भोगतेय. पण या बाई धावल्या नसत्या तर मी आज पांढऱ्या कपाळानं बसले असते. जबडा मोडला तर मोडला. जबडा काय, जुळतो. माणूस हाय माझा अजून. माझी तक्रार नाही." एवढं बोलून ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि वहिनींचे दोन्ही हात धरून त्यांच्यावर डोकं टेकवून रडायला लागली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मग काही प्रश्नच राहिला नाही." मी खुर्चीत सैल झालो. लंबूनं दारातून मला डोळा मारला.

वहिनींनी हात काढून घेतले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मनगट मोडलं ते सोडवायला. तो पहिला घाव. त्यातच तो सुटला. जबडा नंतर मोडला. बरगड्याही नंतर. ते सोडवायला नव्हतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बाई, अशा वेळी माणूस भांबावतो. तुम्हाला वाटलं असेल, अजून चिकटलाय."

मी खोकलो. मोठ्यानं खोकलो.

"नाही वाटलं," वहिनी म्हणाल्या. "ट्रान्सफॉर्मरचा आवाज बंद झाला होता. तो आवाज मला झोपेतही कळतो. तो पाठीवर पडला होता, डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होता. एका हातानं नको नको करत होता. मला सगळं दिसत होतं."

 इस्त्रीवाली अजून तिथेच उभी होती, हात रिकामे.

"नको म्हणत होता?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तरी मारत होतीस?"

"तरी."

चपराक इतकी जोरात बसली की वहिनींचं डोकं कपाटावर आपटलं आणि कपाटाचं दार खणखणलं. दुसरी बसली. मग बाईनं धरबंधच सोडला. मुठी, नखं, पायातली चप्पल काढून चप्पल. इस्त्री ओढणारे हात ते, त्यांच्यात जोर असतो. वहिनींच्या ओठातून रक्त आलं, भुवई फुटली. मी आणि लंबू पुढे झालो तर वहिनींनी हात आडवा केला. "मध्ये कुणी यायचं नाही." एवढं म्हणून उभ्या राहिल्या. माझ्या वहिनी, ज्यांनी साध्या टोमण्याबद्दल लोकांची हाडं खिळखिळी केली, त्या मार खात उभ्या होत्या आणि हात उचलत नव्हत्या. मला ते बघवेना. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी बाई दमली. फरशीवर बसली. धापा टाकत वर बघून म्हणाली, "मग पहिला घाव तरी कशाला घातलास? मरू द्यायचा होता."

वहिनींनी तोंडातलं रक्त पदराला पुसलं.  मग म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येत. हात आधी पोचला. राग मागून आला."

बाईनं ते ऐकलं. चप्पल पायात घातली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

साहेब उभे राहिले होते ते उभेच होते. मग त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता, बोललेलं चार माणसांनी ऐकलं होतं. त्याच दिवसापासून वहिनी निलंबित. घर सोडायची नोटीस पाठोपाठ येणार. पोलिसांना कळवणं भाग.

घरी चालत येताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी वहिनींना नाही नाही ते बोललो. "लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, तुम्ही घण मारून घेतलात! तिची तक्रार नव्हती. साहेबांची नव्हती. चोराला तोंड नव्हतं. सगळं जुळून आलं होतं, आणि तुम्हाला आजच खरं बोलायची हौस आली? पोरीचं काय? दादा असता तर काय म्हणाला असता?"

दादाचं नाव काढलं तशा त्या थांबल्या. रस्त्यात, कुंपणाच्या कडेला. भुवईवरचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या दादांना ज्यांनी मारलं ना, त्यांना ते माहीतही नाही. तार कापली, विकली, मोकळे झाले. कुठेतरी जेवतात, झोपतात, पोरांना खेळवतात. मी रोज खुंटी ठोकताना त्यांची तोंडं आठवायला बघते, आणि मला एकही तोंड दिसत नाही. कुणाला मारू? कुणाला विचारू?" त्यांचा आवाज फाटला. "ती बाई माझे हात धरून रडत होती. तिच्या माणसाला मी रागानं मोडलं हे तिला माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर मी त्यांच्यातलीच एक झाले असते."

मी त्यांच्या शेजारून घराकडे चालायला लागलो. 

घरी पुतणीनं दार उघडलं. आईचा सुजलेला चेहरा बघून तिच्या हातातलं पुस्तक गळून पडलं. "आई, कुणी मारलं तुला?"

"जिचा हक्क होता तिनं," वहिनी म्हणाल्या, आणि तोंड धुवायला आत गेल्या.